टाकीत मिसळलेलं दूध

आंबट दुधाचा वास आला की आंबवड्याजवळचं ते दूध संकलन केंद्र आठवतं. तिथल्या संगणकावर माझा प्रोग्रॅम होता. ऑपरेटिंग सिस्टीमला दिलेली थेट आज्ञा फसली तरी काम अडू नये, म्हणून मी तिच्याभोवती चूक झेलणाऱ्या कोडचं सुरक्षित आवरण लिहिलं होतं. त्या सकाळी मी केंद्रावरच होतो. डिस्क भरली, सिस्टीमने नोंद लिहायला नकार दिला, आवरणाने तो गिळला आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ दाखवलं. ते पाहून एका बाईंनी मोजलेलं दूध टाकीत ओतलं. “आक्का, तुमची नोंदच न्हाई,” केंद्रचालक म्हणाला. “झाली म्हून आलं की. आता सगळ्यांच्या दुधातनं माजं कसं काढू?” “चष्मा बदला,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. डिस्क भरलेली मला दिसत होती. मी गप्प राहिलो. “आसंल, माजीच नजर चुकली,” म्हणत त्यांनी रिकामा कॅन उचलला. आता माझं आवरण प्रत्येक नकार पडद्यावर दाखवतं. त्या बाईंना मात्र अजूनही आपली नजरच चुकली असं वाटत असेल.