मामांची जीप आणि दुसऱ्या जीपचा गिअरबॉक्स

माझे सासरे, म्हणजे मामा, सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, जीपा बदलत गेल्या, मामा तेवढे तेच राहिले. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर पारावर बसून आमदार पाडतात. मामांनी खात्याच्या लिलावातली एक म्हातारी जीप घेतली आणि बेंबळीला आमच्या घरापुढं आणून उभी केली. आणली म्हणजे ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. पण मामा स्टेअरिंग धरून असे ताठ बसले होते, की जणू ट्रॅक्टरला वाट दाखवायलाच निघालेत.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी जीपकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दोघं बी एकदमच रिटायर झालाव वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून जीपमधलं एकेक जुनं काढायचं आणि त्या जागी कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं बसवायचं, हा मामांचा उद्योग सुरू झाला. डायनामो गेला, तिथं एका छोट्या व्हॅनचा अल्टरनेटर आला. वायपरची मोटर ट्रकची आली. ती चालू केली की काच कमी पुसली जायची आणि जीपच जास्त हलायची. डावं दार हिरवं, उजवं पिवळट. पुढच्या सीटा एका मोडीत निघालेल्या कारच्या होत्या, चांगल्या मऊ. आत्याबाईंनी विचारलं, "ही कार मोडली कशानं?"

"पलटी झाली," मामा म्हणाले. "सीटांना काय बी झालं न्हाय."

"आन् सीटांवर बसलेल्यांना?"

मामांना त्या वेळी ऐकू आलं नाही. आत्याबाईंनी दोन्ही सीटांना हळदकुंकू लावलं. त्याचे डाग निघेनात, म्हणून शेवटी मी सीटांना कव्हरं शिवली. ओसरीत माझं शिलाई मशीन आहे. गावातल्या बायकांचे ब्लाउज, मुलींचे ड्रेस मी शिवते. माझा नवरा कळंबला शाळेत शिक्षक. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघं आणि अंगणात जीप.

त्या वेळी माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मामा माझ्याशी सरळ बोलत नव्हते. राग वगैरे काही नव्हता. सुनेशी कसं बोलावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच. "चहा झाला असंल तर बरं," असं ते भिंतीला सांगायचे. जीपखाली आडवे झाले की, "घरात कुणी असलं तर दहा नंबरचा पाना द्यावा," असा आवाज यायचा. मी मशीन थांबवून पाना न्यायचे. खालून काळा हात बाहेर यायचा, पाना घ्यायचा आणि मामा जीपला म्हणायचे, "हां." जीपशी मात्र ते दिवसभर बोलायचे. तिला समजावून सांगायचे, रागवायचे, आता काय काढणार आणि का काढणार ते सांगायचे. मी ओसरीत काजं करत सगळं ऐकायचे. सहा महिन्यांत मला पान्यांचे नंबर पाठ झाले, कुठल्या बोल्टाला कुठला लागतो तेही कळायला लागलं.

आणखी एक गोष्ट मला कळली. मामांच्या हातून चूक कधीच होत नसे. पाना घसरला तर पाना हलका. बोल्टाचे आटे गेले तर आजकाल लोखंडातच दम राहिला नाही. एकदा त्यांनी बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या आणि भस्सकन धूर निघाला. मामा चार पावलं मागं सरकून म्हणाले, "बघितलं का, कंपनीनं रंग उलटे दिले." बॅटरीवर दोन्ही खुणा मोठ्या अक्षरात होत्या.

मग त्यांच्या मनानं गिअरबॉक्स घेतला. जुन्याला तीनच गिअर होते आणि तिसरा पडला की आतून जात्यावर खडे दळल्यासारखा आवाज यायचा. सोलापूरच्या भंगार बाजारातून मामा एका नव्या तऱ्हेच्या जीपचा गिअरबॉक्स घेऊन आले, चार गिअरचा. दोन दिवस त्याला रॉकेलनं आंघोळ घातली. मी भीत भीत विचारलं, "मामा, ह्याचे गिअर जुन्यासारखेच पडतात का?"

मामांनी गिअरबॉक्सकडं बघत उत्तर दिलं, "जीप म्हंजे जीप."

जुना गिअरबॉक्स उतरवताना तो जॅकवरून कलला आणि मामांचा डावा हात मधे आला. मामा जीपखालून बाहेर आले, हात धोतरात गुंडाळला आणि आत्याबाईंना म्हणाले, "जरा धाराशिवला जाऊन येतो." दोन बोटांची हाडं मोडली होती. मनगटापासून पुढं प्लास्टर, दीड महिना. दवाखान्यातून आल्यावर आत्याबाईंनी आधी त्यांच्यासाठी साजूक तुपातला शिरा केला आणि मग तो खाईपर्यंत त्यांना बोलत राहिल्या.

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. पोटातलं काढून घेतलेली जीप अंगणात चार ठोकळ्यांवर उभी, आणि मामा बाजेवर बसून तिच्याकडं बघताहेत. जेवण कमी झालं. जीपशी बोलणंही बंद झालं. शेजारचे म्हणाले, मिस्त्री बोलवा. मामा म्हणाले, "मिस्त्रीचा हात माझ्या जीपला लागणार न्हाय."

मला त्यांचं बघवेना. नवव्या दिवशी मी नवऱ्याची जुनी पँट चढवली, वरून त्याचाच शर्ट घातला, केस फडक्यात बांधले आणि जीपखाली गेले. म्हटलं, "मामा, आधी काय करू?"

बाज करकरली. मला वाटलं, उठून आत गेले. मग बाजेवरून आवाज आला, "सूनबाई, आधी क्लचप्लेट मधोमध बसवाय लागंल." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं नाही तरी नात्यानं हाक मारली होती, आणि ती क्लचप्लेटसाठी.

गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या भोकातून जाऊन पुढं इंजिनाच्या भोकात बसला पाहिजे. प्लेट केसभर सरकली तरी तो जात नाही. मिस्त्री लोकांकडं त्यासाठी जुना दांडा असतो, आमच्याकडं नव्हता. मी विचार केला: एका टोकाला निमुळतं, मधे जाड, गोल. आणि स्वयंपाकघरात जाऊन लाटणं घेऊन आले. जिथं बारीक पडत होतं तिथं कापडाची पट्टी गुंडाळली, ते काम तर माझ्या हातातलंच. लाटणं प्लेटमधून आत सरकवलं, बोल्ट आवळले, लाटणं बाहेर ओढलं. प्लेट मधोमध.

मामा बाजेवरून उठून आले, वाकून बघितलं. "हे कुठं शिकलीस?"

"बाही बसवताना असंच करतात, मामा. आधी कच्चा टाका."

ते "हां" म्हणाले. या वेळी जीपला नाही.

आतून आत्याबाई विचारत होत्या, "लाटणं कुणी नेलं गं?" मामा त्यांना म्हणाले, "आज भाकरी करा."

पुढचे पंधरा दिवस मी दुपारी दोन तास जीपखाली. जॅक लावून नवा गिअरबॉक्स चढवला. इंजिन मागं कलावं म्हणून रेडिएटरचा वरचा रबरी पाइप सुटा केला होता, तो परत जोडला. क्लचची केबल लावली. गिअरबॉक्सला खालून धरणारा लोखंडी पाळणा जुळेना, तेव्हा लोहाराकडून नवी भोकं पाडून आणली. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका यायच्या आणि माझे पाय जीपखालून बाहेर आलेले बघून तिथंच उभ्या राहायच्या. एकीनं तर वाकून, खाली तोंड घालून मला गळ्याचं माप सांगितलं.

काम झालं. प्लास्टर निघायला अजून वेळ होता, पण मामांना धीर कुठला. त्यांनी युक्ती काढली. स्टेअरिंग आणि पायाकडचं ते बघणार. डाव्या हाताचं काम, म्हणजे गिअर टाकणं, शेजारच्या सीटवर बसून मी करणार. आत्याबाई जीपपुढं नारळ घेऊन उभ्या राहिल्या. भोवती गल्ली जमली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मामांनी क्लच दाबला आणि मिलिटरीतल्यासारखा हुकूम सोडला, "एक! डावीकडं, मागं!"

जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर तिथं होता. मी दांडा डावीकडं ढकलला, मागं ओढला. मामांनी क्लच सोडला. जीप दिमाखात मागं निघाली आणि शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत अर्धी शिरली.

गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्याबाई नारळ घेऊन तिथंच उभ्या. म्हणाल्या, "जीप इकडं येणार हाय का म्या तिकडं येऊ?"

मामांच्या टोपीवर कडबा होता. ते शांतपणे म्हणाले, "रिव्हर्स आधी तपासावा लागतो. नियम हाय."

दिवाळीनंतर आम्ही अणदूरला खंडोबाला निघालो. ते आत्याबाईंच्या माहेरचं दैवत. प्लास्टर निघालं होतं, पण मामांची बोटं अजून वळत नव्हती, म्हणून गिअर माझ्याकडंच. आत्याबाई मागं बसल्या, मांडीवर भंडारा-खोबऱ्याची पिशवी. थोडं गेल्यावर म्हणाल्या, "एक जण पायानं चालवतंय, एक जण हातानं. देवा, दोघांचं आज भांडण होऊ देऊ नको."

भांडण झालं नाही. मामा क्लच दाबायच्या आधीच मला कळायला लागलं होतं की आता दोन, आता तीन. दोन्ही बाजूला काढणी झालेली सोयाबीनची रानं. मामांनी एकदा शीळसुद्धा घातली. आत्याबाईंनी मागून विचारलं, "काय गळतंय का?"

आणि एका चढावर खरंच गळालं. पुढून भस्सकन वाफ आली. जीप बाजूला घेतली. मी उतरून बॉनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा पाइप निसटला होता. त्याची क्लिप मी लावली होती, आणि ती ढिली होती. पाइप जोडला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून मी अर्ध्यातून उठले होते. स्क्रू नीट आवळायचा राहून गेला होता.

मामा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी क्लिप बघितली, मग माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी आतून विचारलं, "आता काय मोडलं?"

मामा मोठ्यानं म्हणाले, "काय न्हाय. माझीच क्लिप ढिली ऱ्हायली. चूक झाली."

मग काय. इंजिन गार होईपर्यंत, मी शेजारच्या रानातल्या बोअरचं पाणी आणेपर्यंत, पाइप लावून क्लिप आवळेपर्यंत आत्याबाई बोलत होत्या. पलटी झालेल्या कारच्या सीटांपासून सुरुवात करून त्या कडब्याच्या गंजीवरून लग्नातल्या रुसव्यापर्यंत पोचल्या. मामा रानाच्या कडेच्या धुऱ्यावर बसून मान खाली घालून सगळं ऐकत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी क्लिप तीनदा आवळली.

देवदर्शन झालं, भंडारा उधळला, संध्याकाळच्या आत घरी आलो. पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, काल ती क्लिप मामांनी नव्हती लावली. मी लावली होती."

त्यांनी सुपातून नजर काढली नाही. "ठाऊक हाय की."

"कसं काय?"

"अगं, बेचाळीस वर्षं झाली. हे खरंच चुकले असते तर 'चूक झाली' म्हणले असते व्हय?"

मग सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, "तू निवड. म्या चहा टाकते. त्यांना बी हाक मार, किती येळ झाला त्या जीपखाली पडून हायती."

मी अंगणात बघितलं. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते आणि आवाज येत होता, "सूनबाई, बारा नंबर."