चांगला आंबा आधी

उद्या नावाचा एक दिवस असतो, हे आमच्या मोठ्या वन्संना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. त्यांच्या आईने प्रयत्न केला, ऑफिसातल्या सुपरवायझरने केला, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तर तसा वसाच घेतला होता. सगळे हरले. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, ऐकायला बेताचंच येतं, गुडघे कुरकुरतात. पण कुणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालं की अजूनही अशा काही चेहऱ्याने बघतात, जणू समोरच्याने त्यांना चंद्रावरचा पत्ता विचारलाय.

आंब्याचंच घ्या. मुलुंडला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आणि वन्सं तळमजल्याला एकट्या, कारण त्यांचे यजमान फार लवकर गेले. हापूसची पेटी दोन घरांत मिळून यायची. वन्सं ती उघडायच्या, गवत बाजूला सारायच्या, त्यातला सगळ्यात देखणा आंबा हुडकून काढायच्या आणि तिथेच फरशीवर फतकल मारून खायच्या. मी मात्र डागाळलेला आंबा आधी काढायचे. मी म्हणजे तेव्हाची मी. हल्ली तिला मी ‘ती बाई’ म्हणते, ओळख दाखवायची लाज वाटते म्हणून. ती बाई म्हणायची, “हा आज संपवायला हवा, चांगले टिकतील.” दुसऱ्या दिवशी टिकणाऱ्यांपैकी एकावर डाग पडलेला असायचा. मग तो. असं करत त्या बाईने वर्षानुवर्षं चांगल्या आंब्यांची राखण करत डागी आंबे खाल्ले. तिच्या सोफ्यावर प्लास्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं, आणि सोफ्याचा खरा रंग कोणता हे तिला तो भंगारवाल्याला देताना कळलं. चांगला होता हो रंग. मोरपंखी.

वन्सं रिटायर झाल्या तेव्हा त्या बाईने त्यांना एक भारी रेशमी साडी दिली. वन्संनी घडी मोडली, आत गेल्या, आणि फॉल नाही, पिको नाही, तशीच ती नेसून पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या.

“अहो वन्सं, लग्नकार्याला नेसायची साडी ती!”

“कुणाचं लग्न आहे?”

“आत्ता नाही कुणाचं. पण होईलच की कुणाचं तरी.”

“मग त्यांच्याकडे नेसू. मेथीवालीने काय घोडं मारलंय?”

मेथीवालीने त्या दिवशी त्यांना जुडी जास्त दिली, असं वन्सं अजून सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण मेथी त्या दिवशी भरपूर झाली होती खरी.

वन्संची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ट्रंक कॉल जोडून देण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या या सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ तिथे असावं, असा माझा संशय आहे. एकदाच त्या बोलून गेल्या, “अगं, तीन मिनिटं मिळायची लोकांना. त्यातला अर्धा वेळ ‘ऐकू येतंय का, ऐकू येतंय का’ करण्यात जायचा आणि अर्धा ‘बरं, ठेवतो मग’ म्हणण्यात. मधलं बोलणं राहूनच जायचं. मी कानाला हेडफोन लावून मनात म्हणायची, अरे, येतंय ऐकू! बोल ना!” यापलीकडे त्यांनी आयुष्यात कधी तत्त्वज्ञान सांगितलं नाही. जेवताना फोन आला तर उचलून “मी जेवत्येय” एवढं सांगतात आणि ठेवून देतात. समोरच्याचं नावही विचारत नाहीत. एकदा तर बँकेतून फोन आला होता. त्या माणसाने घाबरून पुन्हा केलाच नाही.

आणि रविवारचा कॅरम. बहीणभाऊ लहानपणापासून खेळत आलेले. दुपारी चहा झाला की आमच्या बाहेरच्या खोलीत पाट मांडून त्यावर बोर्ड ठेवायचा, पावडर सगळ्या घरभर. वन्सं खेळायला बऱ्या आणि चोरी करायला अव्वल. बोलता बोलता कोपराने सोंगटी इकडची तिकडे करायच्या. हे ओरडायचे, “ताई, कोपर!” त्या दोन्ही हात वर करून म्हणायच्या, “कुठंय कोपर?” दोघं पन्नाशीला आली, साठी ओलांडून गेली, तरी भांडणात एका शब्दाची भर पडली नाही.

मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने नव्या टॉवरचं गुळगुळीत चित्र आणून दाखवलं. त्यात झाडं होती, पळणारी गोरीपान माणसं होती आणि मुलुंडवर कधी कुणी न पाहिलेलं निळं आभाळ होतं. वन्संनी ते एकदा बघून त्यावर चहाचा कप ठेवला. मी तो उचलला, चित्र पुसलं. वयाने मी सत्तरीला टेकले होते, पण आतून अजून ती बाईच. मला त्या चित्रात पूर्वेची गॅलरी दिसत होती, तिथे ह्यांची आरामखुर्ची, शेजारी कॅरम. ह्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, आजार जाणार नाही, हळूहळू वाढत जाईल. इमारतही हळूहळूच वाढणार होती. दोघांत आधी कोण वर पोचतं, ही शर्यत मी मनातल्या मनात रोज बघत बसायचे. हे त्या गॅलरीत बसलेले मला दिसले पाहिजेत, एवढं एकच मागणं होतं.

तोवर राहायला कांजूरमार्गला भाड्याचा फ्लॅट मिळाला. वन्संना एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्याही आमच्याकडेच आल्या. नव्या घरात पाऊल टाकलं की पहिलं दूध उतू घालवायचं, ही आमच्यातली रीत. टेम्पोतून सामान उतरत होतं तेवढ्यात वन्सं खालून दुधाची पिशवी घेऊन हजर.

“पातेलं कुठल्या खोक्यात आहे गं?”

“अहो, भाड्याच्या घराला कसलं दूध उतू घालवायचं? अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. ते आपण नव्या घरी घालवू.”

“मग इथे आपण कोण?”

“तात्पुरते,” मी म्हणाले.

वन्संनी पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खिडकीत पानओव्याची कुंडी होती, दाराला पडदा होता, भिंतीवर यजमानांचा फोटो होता. खिळा मारायचा नाही असं ॲग्रीमेंटमध्ये होतं. त्यांनी स्वतःच घरमालकाला फोन लावला. “तुमच्या भिंतीत खिळा मारलाय. छान बसलाय, काळजी करू नका.” खोलीबाहेर मात्र माझं राज्य. खोक्यावर खोकं, सगळ्यांना टेप. चार ताटं, चार वाट्या, एक कढई एवढंच बाहेर. “पुन्हा भरायचंच आहे, तर काढायचं कशाला?” हे मी इतक्यांदा म्हणाले की अधूनमधून भेटायला येणारी नात म्हणायला लागली, “आजी, तुमच्याकडे आलं की कुरियरच्या ऑफिसात आल्यासारखं वाटतं यार. माझं पार्सल कुठंय?” वारा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा. मी कपाळाला हात लावायचे, “टॉवर होईपर्यंत हा वास!” वन्सं म्हणायच्या, “आज वारा तिकडचा आहे. खिडकी लाव.” आणि थोड्या वेळाने, “फिरला. उघड.”

असं बरंच चाललं. टॉवर खड्ड्यातून वर यायला तयार नव्हता आणि ह्यांच्या हातात कप राहीनासा झाला. एका दुपारी, खोक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खुर्चीवर बसल्या बसल्या, ह्यांनी विचारलं, “अगं, आपला कॅरम कुठे ठेवलाय?”

“त्या मागे आहे हो, गाद्यांच्या पलीकडे. नव्या घरी गॅलरीत मांडू.”

“बरं,” हे म्हणाले.

हट्ट केला असता तर मी वाद घातला असता. ‘बरं’ला काय उत्तर देणार? हे आपल्या हातांकडे बघत बसले. वन्सं दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर येते तो काय, वन्सं सुरी घेऊन खोक्यांवर तुटून पडलेल्या! टेप टराटरा फाटतेय, वर्तमानपत्रांचे बोळे घरभर, माझा काचेचा सेट जमिनीवर, आणि वन्सं गाद्या ओढून मागे हात घालतायत.

“वन्सं, अहो वेड लागलंय का तुम्हाला? हे सगळं पुन्हा भरणार कोण?”

“तू,” त्या म्हणाल्या. “पण आज नाही.”

मी खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्या बाईची उरलीसुरली अब्रू राहू दे. वन्संना ऐकू कमी येतं, याचा त्यांना त्या दिवशी फार उपयोग झाला. माझं बोलणं चालू असतानाच त्यांनी बोर्ड पुसला, खोकंच उलटं घालून त्यावर मांडला, पावडर टाकली आणि भावाची खुर्ची पुढे ओढली. ह्यांनी स्ट्रायकर उचलला. हात थरथरत होता. स्ट्रायकर सुटला तो बोर्डवरून उडून थेट माझ्या काचेच्या सेटमध्ये. एक पेला गेला. लग्नातला, कधीही न वापरलेला. मग हे हसायला लागले. किती महिन्यांनी हसत होते! हसताना त्यांचं सगळं अंग हलायचं, त्यामुळे थरथर कुठली आणि हसू कुठलं ते कळेना. मी पेल्याच्या काचा गोळा करायला वाकले आणि मलाच हसू आवरेना.

डाव संपल्यावर वन्सं स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून बघायला गेले, तर गॅसवर पातेलं आणि त्यातून दूध ओट्यावर ओघळतंय.

“अहो, आता? इतक्या महिन्यांनी?”

“आजच आलो ना आपण राहायला,” वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर रविवारची वाट कुणी बघितली नाही. रोज कॅरम. पेटीतले चांगले आंबे आधी. उरलेले पेले रोजच्या पाण्याला. मी खुर्चीशेजारी बसून खेळ बघायचे आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की वन्संचं कोपर अजून चालतंय. फक्त आता ते ह्यांच्या सोंगट्या पॉकेटजवळ ढकलतंय. ह्यांनी नुसतं टेकवलं तरी सोंगटी आत पडायची. “वा रे बाळ्या! माझी वाट लावलीस आज,” वन्सं म्हणायच्या. त्या आत गेल्या की हे मला हळूच म्हणायचे, “ताई कोपराने सरकवते. कळतं मला. तू बोलू नकोस हं.”

हे गेले ते त्याच घरातून. दुपारची जेवणं झाली होती. वारा खाडीकडचा होता आणि वन्संच्या पानओव्याला नवी पानं आली होती. टॉवर तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंतही पोचला नव्हता. शर्यत संपली होती. पण ती बघायचं मी कधी सोडलं होतं, हे मला आठवेना.

काही महिन्यांनी घरमालकाला घर हवं झालं. ‘पुन्हा भरणार कोण’ याचं उत्तर वन्संनी आधीच देऊन ठेवलं होतं, त्यामुळे मीच भरलं. भांडुपला दुसरा फ्लॅट भाड्याने घेतला, दोघींपुरता. तिथे पोचल्यावर मी खालून दुधाची पिशवी आणली. वन्सं गादीच्या वळकटीवर बसून होत्या. पानओव्याची कुंडी दाराशी तशीच. मी भिंतीला टेकवलेल्या कॅरमकडे बोट केलं. “वन्सं, काढायचा?”

त्यांनी तिकडे बघितलं नाही. “राहू दे गं,” म्हणाल्या. “उद्या काढू.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ज्यासाठी मी जन्मभर खटपट केली तो शब्द, आणि आता तो मला ऐकवेना. मी उठले. सुरी शोधली, टेप कापली, बोर्ड खोक्यावर मांडला, पावडर टाकली आणि मला खेळायला येत नसतानाही समोर बसले. गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेल्याचा वास आला, तरी दोघीही उठलो नाही.

बऱ्याच वेळाने वन्सं सरकत सरकत बोर्डापाशी आल्या. त्यांनी दोन-तीनदा स्ट्रायकर मारला, एकही सोंगटी पडेना. मी बोलता बोलता त्यांची एक सोंगटी पॉकेटजवळ नेली.

“कोपर,” वन्सं म्हणाल्या. “बघितलं मी. तुला जमत नाही. माझं बघ, बाळ्याला कधी पत्ता लागला नाही.”

ह्यांनी बोलू नकोस म्हटलं होतं. ती गोष्ट मी पेटीतल्या चांगल्या आंब्यासारखी जपून ठेवली होती. कधीतरी, चांगल्या वेळी सांगू म्हणून.

“त्यांना सगळं कळायचं, वन्सं,” मी म्हणाले. “रोज मला सांगायचे.”

वन्संचा हात स्ट्रायकरवर तसाच राहिला. मग त्या हसल्या. “लबाड!” एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले. पावडरचा पांढरा पट्टा गालभर उमटला. तो पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, मीही सांगितलं नाही.

“चल,” त्या म्हणाल्या, “खेळ आता. बघत काय बसलीस?”