उतारावरचा चहा

कळंबच्या बाहेर, रस्ता उतरायला लागतो तिथे चाचांचं गॅरेज होतं. हँडब्रेकचं काम झालं की ते पिकअप त्या उतारावर उभी करत, गिअर काढून नुसता हँडब्रेक ओढत आणि मागच्या चाकाला पाठ टेकून, खालच्या बाजूला, चहा पीत बसत. चहा संपेपर्यंत गाडी हलली नाही तरच चावी मालकाच्या हातात. आम्ही ड्रायव्हर जीव मुठीत धरून बघायचो. चाचा मात्र चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत असायचे.

हँडब्रेक ओढायचा असतो, हे आमच्या गावीच नव्हतं. गाडी थांबली की चाकाखाली दगड. प्रत्येकाच्या केबिनमध्ये आपापला आवडीचा दगड असे. वापर नसल्याने केबल आतल्या आत गंजून घट्ट बसायची. गाडी आली की चाचा आधी तो दगड नाल्यात फेकत. "दगडाले जीव लावता अन् हँडब्रेक दिवसातून एकदा ओढत नाही. मंग जाम नाही होईन तं काय?"

माझ्या पिकअपच्या मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम निघता निघेना. चाचा चहूबाजूंनी हलकी हातोडी मारत राहिले, रुसलेल्या पोराला समजवावं तसे. आत ब्रेकचे लायनर झिजून संपलेले, ब्रेक ऑइलचा सिलिंडर गळून सगळं ओलं. तेवढं बदलून झालं, पण केबल हलेना. मला मारेगावला संत्री पोचवायची घाई होती. म्हटलं, "चाचा, केबल राहू द्या आज. दगड लावतो."

त्यांनी पाना खाली ठेवला. "असं अर्धं काम म्या एकदाच करून देल्लं. आता नाही."

ते एकदा कुणासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. बाभुळगावचे मारोतीभाऊ, भाजीची गाडी चालवणारे, चाचांचे जिवलग दोस्त. त्या दिवशी नवी केबल मिळाली नव्हती, म्हणून चाचाच त्यांना म्हणाले होते, आजच्या दिवस दगड लाव. बाजारात माल उतरवताना दगड निसटला, गाडी मागे आली आणि मारोतीभाऊंचा पाय गेला. चाचांचा उतारावरचा चहा तेव्हापासूनचा. माझी गाडीही नवी केबल टाकून, त्या चहानंतरच सुटली.

मारोतीभाऊंनी त्यांना कधी बोल लावला नाही. कुबडी टेकत गॅरेजवर यायचे, दोघे एका बाकावर बसून कापसाच्या भावावर तासन्‌तास बोलायचे. पायाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. दोघेही एकमेकांना फार जपत होते आणि त्या जपण्यातच बोलायचं राहून गेलं. मला अजून त्याची हळहळ वाटते.

या हिवाळ्यात चाचा गेले. मारोतीभाऊंना मी माझ्याच गाडीतून मातीला नेलं. कब्रस्तानाजवळ चढ आहे. मी हँडब्रेक ओढला आणि उतरून, जुन्या सवयीने, रस्त्याकडेचा एक दगड उचलला.

मारोतीभाऊ तोवर उतरून गाडीमागे गेले होते, उताराच्या बाजूला. फाळक्याला पाठ लावून, डोळे मिटून उभे होते.

"फेक तो दगड," ते म्हणाले. "चाचाच्या हातचं काम हाय."

मी फेकला. गाडी जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"त्याच्यासमोर असं एकदा उभं राहाले पाह्यजे होतं मी."