राउटरवरचं कुंकू

समजा, तुम्ही संगणकासमोर बसला आहात. पडद्यावर आकड्यांच्या रिकाम्या चौकटी आहेत. परदेशातला मुलगा फोनवरून सांगतोय, "डीएचसीपी चालू ठेवा, खाली डीएनएस भरा." एक आकडा चुकला की इंटरनेट बंदच. जमेल तुम्हाला?

महाडच्या गोदावरीबाईंच्या घरी २००८ सालच्या त्या रविवारी सकाळी ते जमायलाच हवं होतं. टोरांटोत त्यांच्या मुलाच्या, श्रेयसच्या, मुलीचं बारसं होतं. आत्या मैथिली पोलादपूरहून पहिल्या एसटीनं आली होती. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार, संगणकावरून. आणि गोदावरीबाई नातीचं तोंड पहिल्यांदा बघणार होत्या.

इंटरनेट खंडेनवमीपासून बंद होतं. त्या दिवशी मिक्सर, शिलाई मशीन, राउटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. राउटरच्या मागच्या बारीक भोकात कुंकू गेलं, ते गोदावरीबाईंनी साडीच्या पिनेनं टोकरून काढलं. आत बटण होतं, हे त्यांना कोण सांगणार? ते दाबलं गेलं आणि राउटर सगळं विसरला. टेलिफोनचा लाइनमन सणाला त्याच्या गावी, कापड्याला गेला, तो अजून आला नव्हता. आता भिस्त नवऱ्यावर, यज्ञेश्वररावांवर. कोर्टातले निवृत्त टायपिस्ट ते.

फोन स्पीकरवर होता. श्रेयस म्हणाला, "बाबा, डीएचसीपी घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर देतं. डीएनएस साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधतं."

"म्हणजे एक दाव्याला नंबर देणारा कारकून, दुसरा नावावरून फाइल काढणारा शिपाई."

"तसंच समजा. पण सावकाश."

"टायपिंगमध्ये जन्म गेलाय माझा. तू नुसता बोल."

श्रेयसनं डीएनएसचे आकडे सांगितले. यज्ञेश्वररावांनी झरझर भरले, सेव्हवर क्लिक केलं. पान गेलं, ते पुन्हा उघडेचना.

"कुठल्या चौकटीत भरलेत, बाबा?"

"सगळ्यात वरच्या. अर्ज वरूनच भरतात."

"तो राउटरचा स्वतःचा पत्ता होता. आता परत पिन टोचून पहिल्यापासून सगळं. आणि इथं रात्र झालीय, लोक ताटकळलेत."

"झालं का तुमचं कोर्ट?" गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाल्या. मग मैथिलीकडे वळल्या. "सांग बाई फोनवरूनच."

मैथिलीनं स्पीकर बंद करून रिसीव्हर तोंडाशी घेतला. "कुर्रर्र... ईरा." पलीकडे बाळ रडलं. गोदावरीबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला.

"कुणावर गेलीय रे?"

"तुझ्यावर म्हणतात सगळे."

"म्हणतात!" त्या पुटपुटल्या. दुसऱ्या हातातली पिन त्यांनी राउटरच्या भोकाशी नेली, आणि हात तसाच थांबला.

"श्रेयस, एवढं सांग मला. विसरायला भोक ठेवलंय यात, मग आठवायला काय ठेवलंय?"