उचलता येईल तेवढंच

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पुन्हा डर्ट बाइकवर बसेन, हे आमच्या ह्यांनी गृहीतच धरलं होतं. पण एकटीने जाऊन पानशेतच्या पाण्याकाठी तंबूत एक रात्र काढणार म्हटल्यावर ह्यांनी पेपर खाली ठेवला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे पेपर सहसा खाली ठेवत नाहीत.

"तिथे कच्च्या रस्त्यावर गाडी पडली तर कोण उचलणार?"

"मीच."

"मग इथे उचलून दाखव. सामान लावून पार्किंगमध्ये आडवी कर आणि एकटीने उभी कर. जमलं तर मी एक शब्द बोलणार नाही."

एक शब्द बोलणार नाही यावर माझा विश्वास बसला नाही, पण अट रास्त होती. पूर्वी आमचा घोळका असायचा. कोणी पडलं की चार हात धावायचे. त्यामुळे गाडीवर आपण काय काय लादतो याचा विचार मी कधी केलाच नव्हता. जाड सतरंजी, कुकर, घडीची खुर्ची, सगळा संसार बरोबर न्यायचे. आता गुडघा पूर्वीचा राहिला नव्हता, आणि मला मनापासून जायचं होतं. नाहीच जमलं तर गाडी विकून टाकायची, हे मी कोणालाही न सांगता ठरवलं होतं.

सामान कशात भरायचं, इथूनच सुरुवात. पत्र्याच्या पेट्या दिसायला रुबाबदार, पण त्या रिकाम्याच जड, आणि गाडी पडताना पाय खाली सापडला तर संपलंच. म्हणून मी जाड कॅनव्हासच्या पिशव्या घेतल्या, सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, खांद्यावर टाकायच्या पडशीसारख्या. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून त्या बाजूला पेट घेईल असं काही नको. तिकडे पाने आणि पंक्चरचं सामान. डावीकडे स्टोव्ह, तांदूळ, डाळ. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर. पाणी मात्र दोन्हीकडे सारखं, कारण एकाच बाजूचं पिऊन संपलं की परतीच्या वाटेवर गाडी दुसरीकडे ओढते.

पहिल्या रविवारी गाडी जागची हलली नाही. गाडीकडे पाठ करून, सीटला टेकून मी पायांच्या जोरावर रेटत होते, आणि हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. मदत करायची नाही, हाही अटीचाच भाग. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, "वहिनी, गाडी झोपलेली दिसतेय. पांघरूण टाकू का वरून?"

खुर्ची गेली, कुकर गेला. दोघांचा तंबू भाचीला देऊन टाकला आणि एकट्यापुरता आणला. पुढच्या रविवारी गाडी उठली आणि त्याच जोरात पलीकडे जाऊन पडली. उजवीकडे पडलेली गाडी उचलायच्या आधी स्टँड बाहेर काढून ठेवायचा असतो. मला माहीत होतं, उत्साहाच्या भरात विसरले. हे म्हणाले, "बरं झालं. आता त्या बाजूचाही सराव होईल."

नंतर वेगळंच सुरू झालं. मी सामान कमी करत होते आणि पिशव्या जड होत होत्या. एकदा डाव्या पिशवीत दुसरी बॅटरी निघाली, एकदा दोरीचं भेंडोळं. विचारलं की हे म्हणायचे, "असू दे, लागलं तर." आमच्या घरात 'लागलं तर' एवढं जड दुसरं काही नाही. मग एका रविवारी दाण्याच्या लाडवांचा भलामोठा स्टीलचा डबा निघाला. निवृत्तीनंतर ह्यांनी शिकलेला हा एकुलता एक पदार्थ, आणि लाडू असे की गोफणीत घालून मारावेत. गाडी उभी केल्या केल्या डावीकडे कलली. मी भडकले.

"परीक्षा तुम्हीच घ्यायची आणि पेपरही तुम्हीच अवघड करायचा?"

"चार लाडवांनी काय होतंय?"

"गाडी कलते, दिसत नाही का?"

डबा काढून मी ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि गाडी पुन्हा आडवी केली. या वेळी ती पहिल्याच दमात उठली आणि सरळ उभी राहिली. हे डबा आणि रिकामा कप घेऊन वर गेले, आणि खरोखरच एक शब्द बोलले नाहीत.

थंडीतल्या एका शनिवारी निघाले. पिशव्यांचे पट्टे ह्यांनी पहाटे उठून आवळून ठेवले होते. धरणाच्या पुढे डांबर संपलं, मुरमाच्या उतारावर पुढचं चाक सरकलं आणि गाडी सावकाश उजव्या कुशीवर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं. आधी स्टँड बाहेर काढला, पाठ टेकवली आणि रेटलं. पार्किंगमधल्यापेक्षा जड वाटली. म्हटलं, उतारामुळे असेल. गुडघा टिकला आणि गाडी उभी राहिली. इतका आनंद झाला, की मी एकटीच मोठ्याने हसले. हे खुर्ची टाकून बघायला हवे होते, असंही वाटलं.

ऊन उतरताना ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधालगत तंबू ठोकला आणि स्टोव्ह काढायला डावी पिशवी उघडली. तांदळाखाली लाडवांचा डबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सांगूनही ह्यांनी ऐकलं नव्हतं. मग लक्षात आलं, की कर्वेनगरच्या घरापासून इथवर गाडी एकदाही कलली नव्हती.

उठून उजवी पिशवी उघडली. पान्यांच्या खाली अगदी तसाच दुसरा डबा होता, तेवढाच भरलेला.

इतके रविवार हे नुसता चहा पीत बसले नव्हते तर. दोन्ही डबे मी दोन हातांत धरून तोलून पाहिले. एवढ्या वजनासकट मी गाडी उचलली होती. मग एक लाडू डावीकडचा खाल्ला आणि एक उजवीकडचा, परतताना गाडी कलायला नको म्हणून.