पहिल्या पानावर मेलेली हौसाकाकू

हौसाकाकू एकदा मेली होती. तीही राक्षसाच्या हातून, पोटच्या पोराच्या कृपेने.

पोर म्हणजे निहार. मुंबईला कुरिअरच्या गोदामात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मांगा काढतो, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा. पहिला भाग त्याने फोनवर पाठवला तेव्हा काकू केळशीच्या बाजारात, माझ्या भाजीच्या दुकानाशेजारी, माशांची पाटी घेऊन बसली होती. हात पुसून तिने फोन माझ्यापुढे धरला. "वाच गो. माज्या पोरानं पुस्तक काडलंन."

गावात राक्षस शिरतो आणि पहिल्याच पानावर वज्रकेतू नावाच्या नायकाचे आईबाप आडवे होतात. आईशेजारी माशांची पाटी उपडी पडलेली.

"ही मीच ना गो?"

"चेहऱ्यावरून सांगणं कठीण आहे," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. आई, राजकन्या, राक्षस, सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातली, फरक काय तो केसांचा. हात तर कुणालाच नाहीत. कुणाचे झग्यात, कुणाचे पाठीमागे, राक्षसाचे ढगात. वज्रकेतूची तलवारसुद्धा धुरातून वर येते, आणि उगारल्यावर पानंच्या पानं खाली येत नाही, कारण मध्येच त्याला लहानपण आठवतं.

"तवर बांगडं नासतील," काकू म्हणाली. पण तिचं लक्ष त्या उपड्या पाटीवरून हलेना. तिथूनच तिने फोन लावला.

"मेल्या, आमाला कशाला मारलंस?"

"आये, गोष्टीचा नियम असतो तो. आईबाप जिवंत असले की हिरो घर सोडत नाय."

"आमी जिवंत हाव, तरी तू गेलासच की."

काकूने फोन ठेवला आणि माशा वारत बसली. मला त्या निहारचा असा राग आला म्हणून सांगू! गणपतीला आला नव्हता, शिमग्यालाही रजा नाही म्हणाला होता.

पुढचे भाग काकूने उघडलेच नाहीत. मेलेल्या माणसानं वाचून काय करायचं, म्हणे. तिचे यजमान भिवाकाका मात्र मेल्याचं कळूनही दोन्ही वेळ पोटभर जेवत होते.

परवा शेवटचा भाग आला, तो मी बळेच तिच्यासमोर धरला. राक्षस मेलाय, वज्रकेतू घरी परत आलाय, आणि दारात आई उभी आहे, डोक्यावर पाटी घेऊन. पहिल्या पानावर मेलेली बाई शेवटच्या पानावर जिवंत कशी झाली, याचं कारण निहारने कुठेही दिलेलं नाही. गोष्ट म्हणून ही ढळढळीत चूक. पण ती मी पोटात घातली.

आणि या एवढ्या गोष्टीत पहिल्यांदाच त्याने हात काढला होता, पाटीला धरलेला. काकूने फोन डोळ्यांजवळ नेला आणि मोजायला लागली.

"सा बोटं हायत गो."

मला हसू आवरेना. काकू हसली नाही. खवले चिकटलेला आपला हात तिने उलटासुलटा करून बघितला, डोळे पदराला पुसले आणि फोन लावला.

"एक बोट जास्त काडलंस रं. आता घरी ये, नि मोजून जा."