पट्ट्याची धार

आमच्या मानवतच्या तालमीतले वस्ताद एसटीत जागा मिळाली की तिथे पोत्यात गुंडाळलेला दांडपट्टा ठेवतात आणि स्वतः उभे राहतात. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून ते मला 'बीए' म्हणतात आणि कायद्याचं सगळं मलाच विचारतात.

"बीए, आपल्या जिल्ह्यात शस्त्रबंदी हाय, शेजारच्या जिल्ह्यात न्हाई. मग शीव ओलांडली की पट्टा शहाणा होतो का?"

मी डोकं खाजवतो आणि ते आदरानं वाट पाहतात.

परवा चारठाण्याला त्यांच्या चेल्यांचे खेळ होते. तिकडे जाताना नाक्यावर हवालदारांनी आम्हाला एसटीतून उतरवून पोतं उघडायला लावलं.

"याला धार हाय का?"

सूर मवाळ होता. नाही म्हटलं की सोडणार, हे मला दिसत होतं.

"नाही साहेब, बोथट आहे. नुसता खेळायचा," मी घाईनं म्हणालो.

भर रस्त्यात कुणी फेटा उडवावा, तसं वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोथट? साहेब, त्या रसवंतीवरून एक लिंबू मागवा!"

लिंबू आलं. मी ते दगडावर ठेवलं. पट्टा एकदाच फिरला आणि लिंबाच्या दोन सारख्या फोडी झाल्या. हवालदारांनी "वा, वस्ताद!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि पट्टा जप्त केला.

चारठाण्यात वस्ताद रिकाम्या हातांनी पारावर, खेळ बघायला जमलेल्या लोकांत बसले. मी जवळ जाऊन म्हणालो, "पट्टा सोडवायला वकील बघतो."

"वकील बघू निवांत," ते म्हणाले. "आदी उठ अन् या लोकायला सांग, बोथट नव्हता."